ज्ञानोबाकाकांचं चौथं पलायन

मुळशीला जायचं तर गाडी हवी, असं तुम्हाला कोणीही सांगेल. सकाळी निघायचं, पिरंगुटला मिसळ हाणायची, धरणाच्या कडेला फोटो काढायचे आणि संध्याकाळी वाहनांच्या रांगेत अडकून चरफडत परतायचं. मीही आधी तशीच जाऊन आले होते. यंदा दिवाळीनंतर मात्र मी मुळशीला चालत गेले. सोबत होता एक फरारी म्हातारा, आणि त्या म्हाताऱ्याच्या हातात होता मिक्सर. परत आल्यापासून आमच्या बेकरीत पाव घ्यायला येणारा जो तो विचारतोय, “नसीमबाई, नक्की झालं काय?” दर गिऱ्हाइकाला पहिल्यापासून सांगता सांगता माझी खारी करपायला लागली, म्हणून एकदाच लिहून काढते.

मी कऱ्हाडची. अब्बांनी फौजेतून आल्यावर टाकलेली बेकरी मी चालवते. माझं रोजचं चालणं म्हणजे भट्टीपासून गल्ल्यापर्यंत आणि गल्ल्यापासून भट्टीपर्यंत, त्यामुळे माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

ज्ञानोबाकाका हे अब्बांचे जिवाभावाचे दोस्त. एकाहत्तरच्या लढाईत दोघे एकत्रच शत्रूच्या हाती सापडले आणि सीमेपलीकडच्या एका छावणीत एकाच बराकीत राहिले. अब्बांच्या मांडीत गोळी घुसलेली, त्यांना पळणं शक्यच नव्हतं. काका मात्र तिथून तीनदा पळाले. बाहेर लोकांत मिसळता यावं म्हणून अब्बांनी त्यांना नमाज शिकवली, सलाम शिकवला, बिस्मिल्ला म्हणून घास घ्यायला शिकवलं. तीनही वेळा काकांना धरून परत आणलं. पुढे लढाईचे कैदी सोडले तेव्हा दोघे घरी आले, आणि तेव्हापासून दर दिवाळीला काकांचा आंबेमोहोर कऱ्हाडला येतो आणि दर ईदला आमची नानकटाई मुळशीला जाते. अब्बा गेल्या थंडीत गेले. तरी यंदाही तांदूळ आला.

जांबे

माझी लेक हिंजवडीत नोकरीला आहे. काकांचा मुलगा संतोष जांब्याला राहतो, त्यानेच तिला शेजारच्या इमारतीत खोली बघून दिली. तिला भेटायला गेले तेव्हा कळलं, की काकाही इथेच आहेत. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पावसाळ्यानंतर आणलेले, मग गुडघ्यांचे डॉक्टर, मग दिवाळी, असं करत करत मुक्काम लांबलेला. हौसाकाकू गावीच होत्या. भात कापणीला आलेलं सोडून त्या कुठल्या येणार!

काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. खाली नुसत्या इमारती आणि क्रेन. मला पाहिल्यावर त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

“बूट हायेत का तुज्याकडं?”

“कशाला?”

“उद्या निगायचंय. चालत. गावाला.”

मी हसले. म्हटलं, “काका, संतोष रविवारी गाडीने सोडेल की.”

त्यावर त्यांचा चेहराच बदलला. “गाडीतनं न्हाई जायाचं मला. एकदा नेलंय तसं.” मग खालच्या क्रेनकडे बघत ते बोलायला लागले. “तिकडं छावनीत रोज रातच्याला डोळं मिटून मी घरला चालत निगायचो. पौडातनं निगायचं, धरनाची भिंत, मग आमची चढन, एकेक झाड. दार आलं की झोप लागायची. दाराच्या आत काय कधी गेलो न्हाई. आन् सुटलो तवा काय झालं? पुन्यासनं जीप. भोंगा. हार. खांद्यावर घेऊन थेट देवळात. माजं नवं लगीन, हौसा कुटं गर्दीत हुती ते सांजच्यापातूर दिसली न्हाई. मी घरी आलोच न्हाई, नसीम. मला पोत्यावानी आणून टाकलं. तीनदा पळालो, एकदा बी पोचलो न्हाई. आता गुडघं म्हंत्यात, ह्ये शेवटचं वरीस. एकदा आपल्या पायानं चालत जायाचं, आन् ती घरात आसताना दारातनं आत जायाचं. बास.”

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते. काका म्हणाले, “तुजा बाप आसता तर तुला कशाला इचारलं आसतं?” झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि संध्याकाळी मी लेकीचे स्पोर्ट्‌स शूज पायात चढवून पाहिले. ते एक नंबर लहान होते, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

अडचण होती गेटची. काका दोनदा एकटेच बसथांब्यावर जाऊन बसले होते, म्हणून संतोषने वॉचमनला सांगून ठेवलं होतं, की बाबांना एकटं बाहेर सोडायचं नाही. संतोष वाईट नाही हो. बापाच्या काळजीने त्याचे केस पिकलेत. पण काकांच्या लेखी तो पहारेकरी होता आणि पहारेकऱ्याचं काय करायचं हे काकांना पाठ होतं. “भिंतीवर चडायचं न्हाई,” त्यांनी मला शिकवलं. “हातात काम घ्यायचं आन् गेटातनंच जायाचं. हातात काम आसलेला मानूस कुनाला दिसत न्हाई.”

सकाळी संतोष कामावर गेला, सूनबाई मनीषा अंघोळीला गेली, आणि काका भांड्यासकट मिक्सर काखोटीला मारून खाली आले. वॉचमन उत्तर प्रदेशचा होता. त्याने काकांना हटकलंच. “बाबा, किधर?”

“मिक्सर बिगड्या. रिपेरी.”

वॉचमनने स्वतः गेट उघडलं, वर दुकान कुठे आहे तेही हातवारे करून सांगितलं. मी मागून मान खाली घालून, जणू मिक्सरची मालकीण. कोपरा वळेपर्यंत आम्ही गंभीर होतो. मग मी रस्त्याच्या कडेला बसून इतकी हसले, की एका रिक्षावाल्याने थांबून विचारलं, काही होतंय का.

कासारसाई

जांब्याहून नेऱ्याकडे निघालं, की अर्धी वाट सिमेंटची धूळ खात जावं लागतं. एकीकडे उंच इमारत, तिच्या सावलीत गोठा, गोठ्यावर भाड्याने खोली मिळेल अशी हिंदीत पाटी. मग हळूहळू इमारती मागे पडतात आणि कापलेल्या भाताची खाचरं सुरू होतात. आमच्याकडे कऱ्हाडला ऊस म्हणजे माणसापेक्षा उंच, त्यात शिरलं की आभाळ दिसत नाही. इथे शेत कापल्यावर सगळं उघडं, डोंगर कसे अंगणात येऊन बसल्यासारखे. मला ते फार आवडलं. काका म्हणाले, हे काहीच नाही, पुढे बघ.

कासारसाईच्या धरणाजवळ आम्ही एका करंजाच्या सावलीत टेकलो. बूट काढून पाहिले तर दोन्ही टाचांना फोड. माझी नानकटाई काढली. काकांनी मिक्सरच्या भांड्याचं झाकण उघडलं, कारण आत काहीतरी खुडखुडत होतं. आत निघाली काकांची औषधं, गुडघ्याला लावायचं तेल आणि फडक्यात बांधलेले डिंकाचे लाडू.

काकांनी एक लाडू उचलून उलटसुलट फिरवून पाहिला. मनीषाला सगळं माहीत होतं. कधीपासून, देव जाणे.

“ही पोरगी तिकडं पहाऱ्यावर आसती,” ते म्हणाले, “तर मी बराकीच्या भायेरबी पडलो नसतो.” आणि लाडू खाल्ला. मला वाटतं, त्यांना थोडा अपमानही वाटला होता.

तिथून पुढे एका वस्तीवर भाताची झोडणी चालली होती. शेणाने सारवलेलं खळं, मध्ये लाकडी बाक, त्यावर पेंढ्या आपटत वामनराव आणि त्यांची बायको शांताबाई. काकांना राहवलं नाही. ओळख ना पाळख, ते थेट खळ्यापर्यंत गेले, कडेला वहाणा काढल्या, वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग आत पाऊल टाकलं. वामनरावांनी एक पेंढी त्यांच्या हातात दिली. एवढीच ओळख. दोन घटकांत कोणाचं गाव कोणतं, कोणाची लेक कुठे दिली, सगळं निघालं आणि आमचा मुक्काम तिथेच ठरला. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग चौकशी. इथे आधी काम.

पेंढ्या आपटता आपटताच काकांनी गोष्ट सांगितली. मी ती अब्बांकडून अर्धीमुर्धी ऐकलेली होती, पण काकांच्या तोंडून ऐकण्याची बात और.

पहिल्या खेपेला ते चुन्याची बादली घेऊन छावणीच्या गेटातून बाहेर पडले होते. रंगाऱ्यांच्या मागे, मान खाली घालून. अब्बांनी शिकवलेलं सगळं बिनचूक जमलं. वाटेत भेटेल त्याला सलाम, दुपारी मशिदीत नमाजसुद्धा. मग एका विहिरीवर बायांनी पाण्याचा लोटा दिला. “तहान अशी लागल्याली! मी लोटा घेतला आन् वरनं धार सोडली तोंडात. आपन पितो तसं. बाया बगतच ऱ्हायल्या. तिकडं भांडं तोंडाला लावून पित्यात. झालं, धरलं.”

अब्बांनी म्हणे त्यांना आठवडाभर फैलावर घेतलं. रोज तांब्या तोंडाला लावून पाणी पिण्याची तालीम.

दुसऱ्या खेपेला काका बराकीच्या मागच्या भिंतीच्या विटा काढून निसटले. ते दिवस तिकडे गव्हाच्या मळणीचे होते. गावोगाव मजूर फिरत, त्यांतलेच एक होऊन ते सीमेच्या दिशेने सरकत राहिले. पाणी भांडं लावून प्यायले. जेवताना बिस्मिल्ला म्हणाले. सीमा आता नजरेच्या टप्प्यात आली होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मळणीला हाक मारली आणि हे त्याच्या खळ्यावर गेले.

“आन् काय केलंत?” शांताबाईंनी विचारलं. सूप हातात तसंच.

काकांनी खळ्याच्या कडेला काढून ठेवलेल्या स्वतःच्या वहाणांकडे बोट केलं.

शांताबाईंनी कपाळावर हात मारला. “आवं, पन खळ्यात वहाना घालून जाणार तरी कसं मानूस!”

“त्येच की! त्यो म्हातारा बी तसाच बगत ऱ्हायला. मग म्हनला, तू मजूर न्हाईस, तू शेतकरी हायेस, पन हितला न्हाईस. पोटभर रोटी घातली, ताक दिलं. मग रडला बिचारा, आन् पोराला म्हनला, जा, चौकीत सांगून ये. त्याचा बी विलाज नव्हता. त्याची दोन पोरं फौजेत हुती.”

सगळे हसलो. वामनराव तर पेंढी टाकून खाली बसले. जेवायला तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी आणि नव्या भाताचा वाफाळता गोळा. मला ज्वारीशिवाय भाकरी म्हणजे भाकरी वाटत नाही. पण शांताबाईंच्या हातची ती पांढरीशुभ्र, पातळ, कडेला फुगलेली भाकरी खाल्ल्यावर मी मुकाट दुसरी मागून घेतली. बुद्धाच्या तसबिरीखाली अंथरूण घातलं होतं. माझ्या फोडांना त्यांनी हळद-तेल लावलं आणि लेकीच्या बुटांकडे बघून म्हणाल्या, “ह्ये हितंच ऱ्हाऊ द्या, आमची नात घालंल.” मी त्यांच्या जुन्या रबरी चपला घालून पुढचा प्रवास केला, आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यात इतकी सुखाची पादत्राणं मला मिळालेली नाहीत.

उरवडे

घोटवड्याच्या बाजूने पिरंगुटला यायचं आणि तिथून सरळ पौडाकडे वळायचं, ही शहाण्या माणसाची वाट. आम्ही वाकडी वाट करून उरवड्याला गेलो, कारण तिथे काकांची धाकटी बहीण तानूआत्या असते आणि तिला न भेटता पुढे गेलो तर ती जन्मभर बोलली नसती. कारखान्यांची पाळी सुटण्याची वेळ. निळ्या शर्टातली पोरं-पोरी रस्ताभर, बसेसचे भोंगे, वडापावच्या गाड्यांवर झुंबड. त्यातून काका मिक्सर घेऊन चालले होते ते कोणाला खरंच दिसले नाहीत. त्यांचं म्हणणं मला तिथे पूर्ण पटलं.

तानूआत्या लहानखुरी, आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्याइतका. तिने आधी भावाला झापलं, मग मिठी मारली, मग मिक्सर लावून ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली. तो मिक्सर उत्तम चालत होता. आम्ही घावन खायला बसलो आणि दारात संतोषची गाडी थांबली.

मनीषाने त्याला दोन दिवस कसं थोपवलं कोण जाणे. तो आत आला तेव्हा रागावलेला नव्हता. घाबरलेला होता, आणि ते जास्त अवघड. “बाबा, बसा गाडीत,” तो म्हणाला. “घरी नाही नेत. गावालाच सोडतो. अर्ध्या-पाऊण तासात आईसमोर उभं करतो. मग तर झालं?”

काका घावनाचा तुकडा चटणीत बुडवत राहिले.

“तुमचा गुडघा बघा! वाटेत पडलात तर? मी काय करू?” त्याचा आवाज चिरकला. “मला काय तुम्हाला डांबून ठेवायची हौस आहे का?”

मला वाटलं, संपलं. आता काका उठणार, गाडीत बसणार आणि सगळं मुसळ केरात. कारण संतोषचं काही चुकत नव्हतं. मीही कालपासून मनात तेच म्हणत होते. काकांचा उजवा गुडघा सकाळपेक्षा जाड दिसत होता हे मी पाहिलं होतं आणि मुद्दाम बोलले नव्हते.

काकांनी हात धुतला. मुलाजवळ जाऊन बसले. “संत्या, तू ल्हान हुतास तवा सायकल शिकताना मी मागनं धरली हुती. तू म्हनलास, बाबा, सोडा. मला भ्या वाटत हुतं. लई. पन सोडली का न्हाई?”

तानूआत्याने संतोषच्या ताटात घावन वाढलं आणि तो मुकाट खाऊ लागला. जेवण झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “नसीमताई, पौडात थांबा. गुडघा उतरला नाही तर मला फोन. शपथ घ्या.” मी शपथ घेतली. काका मागून ओरडले, “गाडी मोकळी नेऊ नगं, मिक्सर ने. मनीला लागंल.”

संतोष मिक्सर मांडीवर घेऊन हसायलाच लागला. तो हसताना हुबेहूब काकांसारखा दिसतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पौड

पौडला पोचलो तेव्हा गुडघा भाकरीसारखा टम्म फुगला होता. बाजारात अत्तारांचं किराणा दुकान आहे, मागे घर. बेकरीच्या मालामुळे त्यांची-आमची जुनी ओळख, म्हणून मी हक्काने आत शिरले. दुकानाच्या मालकीण रजियाभाभी. त्यांनी काकांना खाटेवर आडवं केलं, मनीषाचं तेल कोमट करून चोळलं, वर निर्गुडीचा पाला बांधला. दोन दिवस हलायचं नाही, असं फर्मान. मी शपथ आठवत फोन हातात घेऊन बसले. एकदा नंबरही लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला. माझं मन कुठल्या बाजूला होतं हे मलाच कळत नव्हतं.

खाटेवर पडल्या पडल्या काकांनी तिसरी खेप सांगितली. छावणीच्या साहेबाने सगळ्यांना उभं करून जाहीर केलं होतं, की आता सुटका होणार, गाड्या येणार, सगळे घरी जाणार. बराकीत नुसता जल्लोष. काकांचा विश्वास बसला नाही. अब्बा ओरडले, अरे बाबा, थांब, आता कशाला पळतोस? हे तरी पळाले. पहाट व्हायच्या आत पकडून आणलं आणि साहेबासमोर उभं केलं.

“साहेब डोक्याला हात लावून बसला. म्हनला, अरे येड्या, परवा तुला आमीच गाडीत बसवून धाडनार हाय. दोन दिस दम निगत न्हाई व्हय? मग च्या पाजला मला.” काका तेलकट गुडघ्यावर हात फिरवत हसले. “तुजा बाप तर माज्याशी बोललाच न्हाई. गाडीत शेजारी बसला, पन तोंड फिरवून. सीमा आली तवा म्हनला, चालत जायचं हुतं ना तुला? मग उतर. चाल.”

हे अब्बांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी उठून दुकानात गेले आणि उगाच गुळाच्या ढेपा बघत उभी राहिले. रजियाभाभींनी चहाचा कप हातात दिला. अब्बा गेल्यापासून त्यांचं काही नवीन ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. फार बरं वाटलं.

गुडघा उतरला. पूर्ण नाही, पण वहाण बांधून उभं राहता येईल इतका. रजियाभाभींनी वाटेला खिमा-पाव दिला, काकांसाठी वेगळा बटाट्याचा रस्सा, आणि माझ्याकडून नानकटाईची कृती काढून घेतली. त्यातली एक गोष्ट मी सांगितली नाही. धंदा आहे शेवटी.

धरणापलीकडे

पौडच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो आणि मग अचानक पाणी दिसतं. मी गाडीतून दोनदा पाहिलेलं, पण गाडीतून ते खिडकीएवढंच दिसतं. चालताना ते तासन्‌तास सोबत राहतं. निळं, शांत, मध्येच बगळ्यांची रांग. काका दर वळणावर थांबत होते. गुडघ्यासाठी, पण सांगताना झाडाचं नाव सांगायचे. हा हिरडा, हा ऐन, ही करवंदीची जाळी. तिकडे बराकीत डोळे मिटून ते हीच वाट चालायचे, हे आठवून मी मुळीच घाई केली नाही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. हौसाकाकूंनी बजावलंय, नाव छापलंस तर उद्या रिसॉर्टवाले जागा मागायला येतील.

धरणाची भिंत केव्हाच मागे पडली होती. शेवटची चढण सुरू झाली तिथे काका एका दगडावर बसले आणि उठेनात. चेहरा पांढरा पडला होता. घर वर दिसत होतं, लाल कौलं, बाजूला पेंढ्याची गंजी. मी हात पुढे केला.

“हात न्हाई लावायचा,” ते म्हणाले.

तेवढ्यात वरून कोणीतरी लगबगीने खाली येताना दिसलं. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर पदर, अंगभर भाताचा भुसा. हौसाकाकू. आम्ही पौडातून निघाल्याचं संतोषने त्यांना सांगितलं होतं आणि त्या झोडणी टाकून निघाल्या होत्या. मला हायसं वाटलं.

काका मात्र दगडावरूनच ओरडले, “मागं जा! मागं जा म्हन्तो!”

काकू जागीच थांबल्या. “आवो, काय झालं?”

“घरात जा! आत ऱ्हा! हितं कशाला आलीस तू?”

“येडं लागलं का काय ह्यास्नी,” काकू मला म्हणाल्या. मी वर धावले आणि धापा टाकत त्यांना सगळं सांगितलं. जीप, भोंगा, हार, खांद्यावरून थेट देवळात, आणि रोज रात्री दारापर्यंत येऊन थांबणारी ती वाट. ऐकून काकूंनी खाली दगडावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

“मला कदी बोललं न्हाईत,” त्या म्हणाल्या. “त्या दिशी मी बी न्हाऊन, नवं लुगडं नेसून दारातच हुते. गर्दीनं मलाच ढकलून दिलं.” आणि पदर खोचून त्या भराभरा वर निघाल्या, अगदी तरण्या बाईसारख्या.

वर गल्लीत माणसं जमली होती. कोणीतरी ताशा आणला होता, एकाच्या हातात झेंडूची माळ. काकूंनी एकेकाला फैलावर घेतलं. “चला, आपापल्या घरात! कुनी भायेर दिसता कामा नये! ताशा ठिव आत!” संतोष आणि मनीषा गाडीने आधीच पोचले होते. मनीषाने चटकन संतोषच्या हातातली किल्ली घेतली आणि गाडी देवळाच्या मागे नेऊन लावली. बघता बघता सगळी गल्ली रिकामी झाली. प्रत्येक दार अर्धवट लोटलेलं, प्रत्येक फटीत डोळे. मी गंजीच्या मागे लपले.

काका उठले. थांबत थांबत, एकेक पाऊल टाकत चढण चढून आले. मध्ये एकदा कुंपणाच्या खांबाला धरून उभे राहिले तेव्हा संतोष आतून निघालाच होता, मनीषाने त्याचा शर्ट धरून ठेवला. त्या रिकाम्या गल्लीतून मुळशीच्या डोंगरातला एक म्हातारा शेतकरी आपल्या घराकडे चालला होता, आणि त्याला कोणीही बघत नव्हतं. कोणीही हार घालत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरचं हसू काही जात नव्हतं.

ते दाराशी पोचले. दार लोटलेलं होतं. वहाणा काढल्या, धोतराने तोंड पुसलं, टोपी नीट केली. हात दारावर ठेवला आणि तसेच उभे राहिले.

आतून भांड्यांचा आवाज आला. मग काकूंचा, चुलीजवळून, कामात असल्यासारखा.

“कोन हाय?”

काकांनी टोपी पुन्हा एकदा नीट केली.

“कोन हाय म्हन्ते?”

“मी हाय.”

“मग या की आत,” काकू म्हणाल्या. “दार उगडंच हाय.”